पेशवे दफ्तर की भारत इतिहास संशोधक मंडळ?

गावाचा किंवा घराण्याचा जुना माग काढणाऱ्याला पुण्यात दोन ठिकाणे खुणावतात आणि दोन्हींतील कागद मोडीत असले तरी त्यांचा स्वभाव निराळा आहे. पेशवे दफ्तर हे मुळात राज्यकारभाराचे दफ्तर. १८१८ नंतर ते इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि पुढे इनामांच्या चौकशीत पुरावा म्हणून उपयोगी पडले. घडणी, प्रांत अजमास, चिटणिशी अशा विभागांतील रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडले की परगण्याचा वसूल आणि खर्च यांच्या सलग नोंदी हाती येतात. त्यामुळे ज्याला गावाचे अर्थकारण वर्षानुवर्षे पाहायचे आहे, त्याने इथूनच आरंभ करावा.

मंडळाची गोष्ट वेगळी. १९१० मध्ये वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी ते स्थापन केले आणि तिथे घराघरांतून मिळवलेली दफ्तरे जमत गेली. वतनाच्या भांडणातला एखादा महजर, म्हणजे सभेने दिलेल्या निवाड्याचा लेख, वाचावा: सभेला बसलेल्यांची नावे, शेवटी पाटलाचा नांगर, सुताराची किंकरे अशा अवजारांच्या निशाण्या. ज्यांना लिहिता येत नव्हते, त्यांचीही साक्ष तिथे उमटलेली आहे, आणि मला ती कोणत्याही ताळेबंदाहून मोलाची वाटते.

अर्थात घराण्याने आपल्या हक्काचे तेवढेच कागद जपलेले असतात. म्हणून मंडळातल्या महजरातील दावा दफ्तरातल्या वसुलाच्या नोंदींशी ताडून पाहावा.