गुणगुणणारा टीव्ही: जुना प्लाझ्मा ठेवू की एलईडी घेऊ?

मावसभाऊ कालपासून विचारतोय, घरातला ४२ इंची प्लाझ्मा गुणगुणतो, विकून एलईडी घेऊ का. दोन्ही वापरलेत म्हणून सांगते.

आवाज: प्लाझ्मात लाखो बारीक कप्प्यांत गॅस असतो, त्याला सेकंदाला हजारो वेळा हाय व्होल्टेजचे झटके देऊन पेटवतात, त्यानेच काच आणि सर्किट थरथरतं. रात्री म्यूट करून बघ, स्क्रीनवर बर्फ किंवा पांढरी जाहिरात आली की गुणगुण वाढते आणि अंधाराचा सीन आला की बसते. उंचावर, जिथे हवेचा दाब कमी, तिथे ती आणखी जाणवते. म्हणजे हा बिघाड नाही, जातच तशी आहे. एलईडीत पॅनल गप्प असतं, पण पॉवर सप्लायची कॉइल कधी कधी वाजते, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचे दिवे, भराभर चालू-बंद करून उजेड कमी करतात, तिथे गंमत उलटी, ब्राइटनेस कमी केला की आवाज! बॅकलाइट वाढवून बघायचं, बहुतेकदा थांबतो.

वीजबिल: एलईडीला निम्म्याहून कमी, विषय संपला.

रिपेअर: मोठ्या कंपन्यांनी २०१३-१४ च्या सुमारास प्लाझ्मा बंद केले, बोर्ड मिळवताना जीव जातो.

चित्र: काळा रंग आणि क्रिकेटचा बॉल, दोन्ही प्लाझ्मावर फार सुंदर, साध्या एलईडीवर ती मजा नाहीच.

हॉल मोठा असेल, लांबून आवाज चढवून मॅच बघत असाल तर प्लाझ्मा खुशाल ठेव. बेडरूममध्ये हळू आवाजात बघायचं तर एलईडीच घे, फक्त दुकानात म्यूट करून, ब्राइटनेस खाली आणून मागे कान लावून ऐक.