वेदर रेस्क्यू: ड्राय-वेट वाचणाऱ्यांना आवडेल असं काम

कृषी महाविद्यालयाच्या वेधशाळेत माझी उभी नोकरी झाली. सकाळी सात आणि दुपारी दोनला ड्राय-वेट (एक साधा आणि एक ओल्या मलमलीचा थर्मामीटर; दोन्हींतल्या फरकावरून हवेतला ओलावा कळतो) वाचायचं, पाऊस मोजायचा, रजिस्टर भरायचं. आषाढात ते दोन वेळाही जिवावर यायचं. त्यामुळे स्वयंसेवकांच्या मदतीने संशोधन चालवणाऱ्या झूनिव्हर्स या संकेतस्थळावर, जुन्या हवामान नोंदी संगणकावर उतरवण्याच्या 'वेदर रेस्क्यू' प्रकल्पात, बेन नेव्हिसचे तक्ते उघडले आणि आधी हात जोडले.

स्कॉटलंडचा हा डोंगर १३४५ मीटर उंच. १८८३ ते १९०४ माथ्यावर निरीक्षक राहायचे आणि रात्रंदिवस दर तासाला बाहेर पडून वाचन घ्यायचे. यंत्रांवर भरवसा ठेवायची सोय नव्हती, ती बर्फाने गोठून जायची. बर्फाचा थर चढला की स्टीव्हन्सन स्क्रीनही (थर्मामीटर ठेवायची झडपांची पेटी) शिडीसारख्या स्टँडवर वर न्यावा लागे. दार गाडलं गेलं तर मनोऱ्यातून बाहेर पडायचं. एवढं करून वेट बल्बची मलमल सांभाळायची, तीही गोठलेली!

आपलं काम त्यामानाने फारच सुखाचं. छापील तक्त्याचं पान समोर यायचं, आकडे टाइप करायचे. लॉगिनची सक्ती नव्हती. एकच पान अनेकांकडे जायचं, त्यामुळे कुणाचा आकडा चुकला तरी पकडला जायचा. असं करत ३,५०० वर लोकांनी सुमारे १५ लाख नोंदी उतरवल्या.

कंटाळवाणं आहे का? ज्याला तक्ता वाचता येत नाही त्याला नक्कीच. मला मात्र बोटं थांबवून बघत बसावंसं वाटायचं. ड्राय आणि वेट तासन्‌तास एकच आकडा दाखवतात, म्हणजे माथा ढगात बुडालेला. मग हिवाळ्यातल्या एखाद्या दिवशी वेट एकदम खाली घसरतो, हवा खडखडीत कोरडी. खालच्या फोर्ट विल्यमचा तक्ता शेजारी ठेवला तर कधी कधी माथाच गावापेक्षा उबदार निघतो. आम्ही इन्व्हर्जन (खालच्यापेक्षा वरची हवा उबदार असणं) पुस्तकात शिकलो, या लोकांनी ते अंगावर घेतलं.

असलं काम मोबाईलवर करू नका, डोळे जातील. फॅरनहाइट आणि इंचांतला पारा यांची सवय व्हायलाही थोडा वेळ लागला.

बेन नेव्हिसचं काम पूर्ण झालंय, आकडे सगळ्यांना खुले आहेत. आपल्या कुलाबा वेधशाळेची एकोणिसाव्या शतकातली ताशी नोंदींची बाडं कुणी अशीच उतरवायला काढली, तर माझं नाव आधी लिहा.