नौपाड्यातली चंपी: शाम्पू म्हणावा तर हा

ठाण्यात नौपाड्यात, गोखले रोडच्या आतल्या गल्लीत तीन खुर्च्यांचं हे सलून आहे. केस ठीकठाक कापतात, दाढी छान करतात. पण जायचं ते चंपीसाठी.

भिंतीवरच्या दरपत्रकात चंपी १५० रुपये आणि त्याखाली शाम्पू १०० रुपये असं लिहिलंय. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवल्यामुळे माझी नजर तिथेच खिळते. मुळात ही दोन्ही एकाच घरातली भावंडं. हिंदीत चांपना म्हणजे दाबणं, चेपणं. 'चांपो' हे त्याचं आज्ञार्थी रूप इंग्रजांनी उचललं आणि त्याचा शाम्पू झाला. अठराव्या शतकातल्या इंग्रजीत शाम्पू म्हणजे अंग रगडणं. केस धुण्याशी त्याचा संबंध नव्हता. तो अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास चिकटला.

हे मालिश इंग्लंडात गाजवलं शेख दीन महंमद यांनी. जन्म १७५९, पाटण्याचा. १८१० मध्ये त्यांनी लंडनमध्ये हिंदुस्तानी पदार्थांचं कॉफी हाऊस काढलं, दोनेक वर्षांत दिवाळं निघालं. मग ब्रायटनला समुद्रकाठी वाफेचं स्नान आणि वर मालिश, असा व्यवसाय त्यांनी उभा केला. तो इतका नावाजला की चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन्ही राजांनी त्यांना शाम्पूइंग सर्जन म्हणून नेमलं. हा माणूस आपल्या शाळांमधून शिकवला जायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आता चंपीबद्दल. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून खोबरेल कोमट करून घेतात. टाळूवर भसकन ओतत नाहीत. सुरुवात मानेपासून. कवटी मानेला टेकते तिथल्या खळग्यांत अंगठे रोवून सावकाश वर सरकतात, मग कानांमागे, मग कपाळाच्या कडा. घाई नाही, मोबाइलवर बोलणं नाही. शेवटी दोन्ही तळवे जोडून टपटप. पेपर तपासून आखडलेली मान मोकळी होते, हा माझा अनुभव. मान कडकन मोडायचा प्रकार इथे नाही, आणि ते फार बरं. त्यानं इजा होऊ शकते.

टॉवेल स्वच्छ असतात. बसायला मात्र एकच बाकडं, त्यामुळे रविवारी सकाळी बाहेर उभं राहावं लागतं. मधल्या वारी दुपारी गेलात तर लगेच नंबर लागतो. सोमवारी बंद.