आत्ता घ्यावा, थांबावं, की नवा आल्यावर जुना घ्यावा?

माझा भाचा गेले सात महिने लॅपटॉप घेतोय. मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सध्याच्या लॅपटॉपचं डावं हिंज गेलंय, म्हणून स्क्रीनला मागून थर्मोडायनामिक्सच्या जाड पुस्तकाचा टेकू असतो. त्या पुस्तकाचा त्याने केलेला हा एकमेव उपयोग, असं माझी बहीण म्हणते. झाकण उघडायचं तर एक हात खाली आणि एक वर, तान्ह्या बाळाला उचलावं तसं. आणि तरी दर रविवारी फोन येतोच, "मामा, नवीन मॉडेल येतंय म्हणे. थांबू ना?"

त्याला काय सांगायचं हे ठरवताना जे जे डोक्यात आलं ते इथे मांडतोय, कारण असे थांबलेले लोक घरोघरी आहेत. मीही त्यांतलाच एक होतो.

२०२१च्या जानेवारीत मला अॅपलचा मॅकबुक एअर हा लॅपटॉप घ्यायचा होता. एम१ चिपचा एअर नोव्हेंबर २०२०मध्ये आला होता, भारतात किंमत ९२,९०० रुपये. पैसे बाजूला काढलेले. मग वाचलं की पुढचा एअर पूर्ण नव्या रूपात येतोय. मे महिन्यात चित्रंही फिरायला लागली: निळा, पिवळा, नारिंगी असे रंग, स्क्रीनभोवती पांढरी कड. म्हटलं, आता एवढं थांबलोय तर आणखी थोडं. दरम्यान माझ्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी इतकी फुगली की ट्रॅकपॅड वर उचलला गेला आणि क्लिक होईना. बॅटरी बदलली. मग चार्जर गेला, तोही आणला. जून २०२२मध्ये एकदाचा एम२ एअर जाहीर झाला. रंग चार, त्यांतले दोन चंदेरी आणि करडा हे नेहमीचेच. पांढरी कड नाहीच, काळी कड आणि वर कॅमेऱ्यासाठी खाच. किंमत १,१९,९००. सत्तावीस हजार जास्त! शेवटी मी एम१च घेतला. दीड वर्ष थांबून आणला तो लॅपटॉप पहिल्या दिवशीही दुकानात समोरच ठेवलेला होता.

आता हेच उलट्या बाजूने बघू. २०२४च्या मार्चमध्ये एम३ एअर आला १,१४,९००ला, सुरुवातीच्या मॉडेलमध्ये ८ जीबी मेमरी (म्हणजे रॅम). त्या वर्षी गणपतीच्या ऑफरमध्ये ज्याने घेतला, त्याला ८ जीबी मिळाली. ३० ऑक्टोबरला, म्हणजे धनत्रयोदशीच्या दुसऱ्या दिवशी, अॅपलने एम२ आणि एम३ या दोन्ही एअरची मूळ मेमरी १६ जीबी केली आणि भाव तोच ठेवला. मुहूर्त साधून धनत्रयोदशीला घेणारा एका दिवसाने हुकला. पुढे मार्च २०२५मध्ये एम४ एअर आला, १६ जीबीसकट, ९९,९००ला. म्हणजे इथे थांबणारा जिंकला, दुप्पट मेमरी आणि पंधरा हजार रुपये वाचवून.

एकच कंपनी, एकच मॉडेल, पण एकदा थांबल्यावर नवा सत्तावीस हजारांनी महाग निघाला आणि एकदा थांबणं पंधरा हजार देऊन गेलं. फरक एवढाच की पहिल्या वेळी लोक नव्या रूपाची वाट बघत होते, आणि रूप नवं आलं की त्याचा भावही नवा येतो. दुसऱ्या वेळी डबा तोच होता, बदलली ती मुख्यतः आतली चिप. बाहेरून काही बदलणार नाही अशी कुजबुज असते, ते वर्ष गिऱ्हाइकाच्या फायद्याचं निघण्याची शक्यता जास्त. गंमत म्हणजे अशा वर्षी कोणी थांबत नाही. जुन्याच डब्यासाठी कोण थांबणार?

अफवा सगळ्याच पोकळ असतात असं नाही. २०२१च्या जानेवारीतच एअरच्या महागड्या भावंडाबद्दल, मॅकबुक प्रोबद्दलही बातमी होती की टच बार (कीबोर्डच्या वरची स्पर्शपट्टी) जाणार, चुंबकाचा मॅगसेफ चार्जर परत येणार, पोर्टं वाढणार. ऑक्टोबरमध्ये १४ आणि १६ इंची प्रो आले तेव्हा त्यात मॅगसेफ होता, एचडीएमआय होतं, एसडी कार्डाची खाचही होती. फोटोग्राफी करणारे जे नऊ महिने थांबले, त्यांचं डोंगल (कार्ड जोडायला वेगळं घ्यावं लागणारं अडॅप्टर) वाचलं. माझा अनुभव असा की आकार, पोर्टं आणि साधारण महिना याबाबतच्या बातम्या बऱ्याचदा खऱ्या ठरतात, कारण सुटे भाग कारखान्यात आधी बनतात आणि तिथून गोष्टी बाहेर झिरपतात. किंमत शेवटच्या दिवशी मंचावरच कळते. आणि दोष कळतात त्याहून उशिरा, पहिल्या गिऱ्हाइकांच्या हातात लॅपटॉप पडल्यावर. एम२ चिपच्या १३ इंची मॅकबुक प्रोच्या २५६ जीबीच्या मॉडेलमध्ये साठवणुकीची एकच चिप टाकली होती आणि त्यामुळे तिचा वेग एम१पेक्षा कमी होता, हे लोकांनी विकत घेऊन मोजल्यावर बाहेर आलं. २०१५पासून आलेला तो चपटा 'बटरफ्लाय' कीबोर्ड आठवा. धुळीच्या कणाने कळा अडकायच्या, आणि २०१८मध्ये कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना काढावी लागली. त्या कीबोर्डची बातमी आली तेव्हा सगळे त्याच्या पातळपणाबद्दलच बोलत होते.

भाच्याला हवाय तो टचस्क्रीनचा, ओएलईडी पडद्याचा मॅकबुक. तो येणार येणार असं मी इतकी वर्षं वाचतोय की माझा उत्साह केव्हाच संपला. २०१० साली स्टीव्ह जॉब्सने मंचावरून सांगितलं होतं की उभ्या पडद्याला हात लावत बसलं की थोड्या वेळाने हात दुखून येतो. तेव्हापासून वाद चालूच आहे. उद्या तो लॅपटॉप आलाही, तरी पहिला कुठल्या मॉडेलमध्ये येईल? बहुधा प्रोमध्ये. चौदा इंची प्रो एम५ चिपसह ऑक्टोबर २०२५मध्ये आला तो १,६९,९००ला, आणि त्याचाही पडदा ना टचचा, ना ओएलईडी. भाच्याचं बजेट ८५ हजार आहे. हे त्याला सांगितलं तर म्हणाला, "मामा, ईएमआय असतो ना."

आणि एक बारीकशी अडचण. त्याच्या कॉलेजात सॉलिडवर्क्स हे यंत्रांचे भाग डिझाइन करायचं सॉफ्टवेअर लागतं. ते मॅकवर अधिकृतपणे चालत नाही, विंडोजच पाहिजे. सात महिने तो ज्या लॅपटॉपसाठी थांबलाय, त्याच्यावर त्याचा अभ्यासच नीट होणार नाही.

विंडोजच्या बाजूला थांबण्याचं गणितच वेगळं आहे. मॅकच्या वाटेला निदान एक दार असतं, ते उघडलं की वाट बघणं संपतं. विंडोजवाल्यांकडे दर महिन्याला कुणीतरी काहीतरी आणतंच. जानेवारीत लास व्हेगासला सीईएस हे इलेक्ट्रॉनिक्सचं प्रदर्शन भरतं, तिथे नव्या चिपा जाहीर होतात, आणि आपल्या दुकानात त्यांचे परवडणारे लॅपटॉप यायला पुढचे कित्येक महिने जातात. एनव्हिडियाने ग्राफिक्स चिपांची आरटीएक्स ५० मालिका जानेवारी २०२५मध्ये दाखवली, पण विद्यार्थ्यांच्या खिशाजवळ जाणारे ५०६०चे लॅपटॉप मे महिन्यापासून यायला लागले. तोवर पुढच्या वर्षीच्या चिपांची चर्चा सुरू झालेली. इथे नव्या मॉडेलसाठी थांबायचं ठरवलं तर माणूस कायमचाच थांबू शकतो.

मग मागच्या पिढीची ४०६० की नवी ५०६०? दोन्हींत ग्राफिक्स मेमरी ८ जीबीच. ५०६०ची मोठी जाहिरात आहे ती मधल्या जास्त फ्रेम (चित्रं) स्वतः तयार करून खेळ गुळगुळीत दाखवण्याची. गेम खेळणाऱ्याला त्याचं अप्रूप, सॉलिडवर्क्समध्ये गिअरबॉक्स जोडणाऱ्याला त्याचा काडीचाही उपयोग नाही. ४०६०वाला लॅपटॉप चांगल्या सवलतीत मिळाला तर मी तोच उचलेन आणि उरलेल्या पैशांत मेमरी वाढवेन. म्हणूनच दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारायचा: रॅमचा दुसरा स्लॉट रिकामा आहे का, की सगळी बोर्डावर सोल्डर केलेली आहे? मॅकमध्ये नंतर मेमरी वाढवता येत नाही. इंटेलच्या चिपांच्या कोअर अल्ट्रा २००व्ही मालिकेतही मेमरी प्रोसेसरसोबतच बसवलेली असते, पुढे वाढत नाही. असे लॅपटॉप घेताना पाच वर्षांची गरज पहिल्याच दिवशी विकत घ्यावी लागते.

मेमरीचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो. आजवर थांबणाऱ्यांच्या बाजूने एक हुकमी मुद्दा होता: कॉम्प्युटरचे भाग दिवसेंदिवस स्वस्तच होतात. २०२५च्या अखेरीपासून तो लंगडा झाला. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीच्या चिपा इतक्या ओढून घेतल्या की रॅमचे भाव चढले. डिसेंबरमध्ये तर मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने 'क्रुशल' हा किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर क्रुशलची रॅम घेऊन आपण कित्येक लॅपटॉपांना नवं आयुष्य दिलंय! अशा काळात 'थांबलं की स्वस्त होईल' हे गृहीत धरू नये. पुढचं मॉडेल त्याच भावात कमी मेमरी घेऊनही येऊ शकतं.

राहिला तिसरा मार्ग, म्हणजे नवा येईपर्यंत थांबायचं आणि आला की जुना घ्यायचा. खरं तर हा मला सगळ्यात पटतो. एम३ आला त्या आठवड्यात एम२ एअर अधिकृतपणे ९९,९००वर आला, म्हणजे मूळ किमतीपेक्षा वीस हजारांनी खाली. दुकानात बँकेच्या कार्डावर आणखी थोडं सुटतं ते वेगळं. त्या मॉडेलचे दोष एव्हाना जगजाहीर झालेले असतात, कव्हर आणि स्क्रीनगार्ड कुठेही मिळतं, दुरुस्तीवाल्याचा हात बसलेला असतो. पण खोड अशी की हवं ते मॉडेल मिळेलच असं नाही. उरलेल्या मालात बहुधा सगळ्यात कमी मेमरीचं मॉडेल आणि कुणी न घेतलेला रंग असतो. स्वस्त पडतोय म्हणून ८ जीबीचा मॅक आज घेणं मला पटत नाही. आणि नवा आला तरी जुन्याचा भाव हटकून पडेल याची हमी कोण देणार? एम४ एअर आला तेव्हा अॅपलने एम३ आपल्या दुकानातून काढूनच टाकला.

फक्त एका प्रकारच्या थांबण्याला माझा साफ विरोध आहे, तो म्हणजे सॉफ्टवेअरच्या वचनांसाठी थांबणं किंवा त्यांच्या भरवशावर घाई करणं. मायक्रोसॉफ्टने मे २०२४मध्ये 'रिकॉल' दाखवलं. पडद्यावर तुम्ही जे जे पाहिलं ते नंतर शोधता येईल असा तो प्रकार. जूनमध्ये त्यासाठीचे लॅपटॉप दुकानात आले, पण गोपनीयतेवरून ओरड झाली आणि रिकॉल लोकांच्या हाती पडलं एप्रिल २०२५मध्ये. अॅपलनेही जून २०२४मध्ये तुमची कामं ओळखणारी हुशार सिरी दाखवली आणि मार्च २०२५मध्ये ती पुढे ढकलली. खोक्यावर 'एआय' लिहिलंय म्हणून दहा हजार जास्त देण्याआधी, आज हा लॅपटॉप चालू केला की नेमकं काय होतं, ते दुकानातच करून बघा.

मग कुणी काय करावं? लॅपटॉप ठीक चालतोय आणि नवा येण्याची बातमी दोन-अडीच महिन्यांतली आहे, तर थांबा, काही बिघडत नाही. लॅपटॉप मोडलाय आणि रोजचं काम त्याच्यावर आहे, तर आत्ता घ्या. विंडोज १०वर असाल आणि मशीन ११ घेत नसेल तर लवकरच घ्या. १४ ऑक्टोबर २०२५ला १०ची नेहमीची सुरक्षा अपडेटं बंद झाली आणि त्या मशीनवरून बँकेचे व्यवहार करणं शहाणपणाचं नाही. कॉलेज सुरू होताना विद्यार्थ्यांच्या सवलती असतात, दसरा-दिवाळीत कार्डांच्या. त्या तारखा कॅलेंडरवर छापलेल्या असतात, त्यांच्यासाठी थांबणं मला समजतं.

भाच्याला मी हे सगळं फोनवर सांगितलं, अगदी सॉलिडवर्क्ससकट. त्याने ऐकून घेतलं. मधे दोन रविवार फोन आला नाही, म्हटलं घेतला वाटतं. मग परवा फोटो आला. पडदा सरळ उभा, मागे पुस्तक नाही. खाली मेसेज: "मामा, हिंज बदलून घेतलं, अठराशेत. आता दिवाळीपर्यंत आरामात थांबता येईल."