ब्रेकआऊटला लगेच घुसायचं की रिटेस्टची वाट बघायची?

माझ्या मित्राचं भोसरीत इम्पोर्टेड पार्ट्सचं काम आहे, मला मुलीची परदेशातली फी भरायची असते, त्यामुळे डॉलर-रुपयाचे फ्युचर (पुढच्या तारखेच्या डॉलरचा भाव आजच ठरवणारे करार) आम्ही दोघंही घेतो. भाव ज्या पातळीला वारंवार अडतो ती लेव्हल. ती तुटली (ब्रेकआऊट) की तो लगेच घेतो, मी भाव परत लेव्हलला येईपर्यंत (रिटेस्ट) थांबतो.

लगेच घेतलं की मोठी मूव्ह सुटत नाही हे खरंच आहे. पण चार्टवरची १५ मिनिटांची कँडल (तेवढ्या वेळातला भाव दाखवणारी पट्टी) बंद व्हायला अजून ४ मिनिटं असतात, भाव लेव्हलच्या वर ८-१० टिक (टिक म्हणजे भाव हलण्याची सर्वात लहान पायरी) गेलेला असतो आणि बोट आपोआप ‘बाय’च्या बटणावर जातं, तेव्हा आपण चार्ट बघतच नसतो, सुटून जाईल ही भीतीच बघत असतो, आणि मग कँडल वर लांब शेपटी सोडून लेव्हलच्या खाली बंद होते. एनएसईवर एक लॉट (एक करार) १००० डॉलरचा, त्यावर एक टिक अडीच रुपयांचा, आकडा किरकोळ वाटतो म्हणून माणूस घाईत लॉट वाढवतो आणि तिथेच फसतो.

रिटेस्टला स्टॉपलॉस (तोटा वाढू नये म्हणून बाहेर पडायचा भाव) जवळ बसतो. कधीकधी भाव परत येतच नाही, ते सोसावं लागतं. आला तरी लाल (भाव पडल्याची) कँडल बघून हात मागे येतो, कारण तोटा तेवढ्याच फायद्यापेक्षा जास्त टोचतो, मानसशास्त्रज्ञ कानमन आणि ट्वर्स्कींनी हे १९७९ मधेच मांडलंय.

नवीन असाल तर रिटेस्टच करा, आणि लिमिट ऑर्डर (आपण ठरवलेल्या किंवा त्याहून चांगल्या भावालाच घेण्याची) सकाळी डोकं शांत असतानाच टाकून ठेवा.