डॉक्टर हू: सुरुवात २००५पासून करावी की २०१०पासून?

‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची विज्ञानकथा मालिका बघायचं ठरवलं की जुने चाहते दोनपैकी एक वर्ष सांगतात. (डॉक्टर म्हणजे काळात फिरणारा एक परग्रहवासी. तो अधूनमधून चेहरा बदलतो आणि नवा नट येतो.) काही म्हणतात २००५पासून लाव. काही म्हणतात, तेवढा वेळ कशाला घालवतोस, सरळ २०१०पासून लाव. दोन्हीकडची माणसं पोटतिडकीने बोलतात, त्यामुळे नव्याने बघणाऱ्याची पंचाईत होते. आमच्या घरी दोन्ही प्रकार झाले आहेत. मी २००५पासून बघितलं, धाकट्या बहिणीने २०१०पासून. मग मोठ्या ताईचा मुलगा सुट्टीत नागपूरला राहायला आला आणि ‘मामा, मलाही दाखव’ म्हणून मागे लागला, तेव्हा एक वर्ष निवडावंच लागलं.

बाकीचे पर्याय लवकर बाजूला ठेवतो. १९६३पासून, म्हणजे अगदी मुळापासून, बघायची हौस चांगली आहे. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन आपल्या लखनौत जन्मलेले, हे कळल्यावर मलाही ती उबळ आली होती. पण साठच्या दशकातले कितीतरी भाग बीबीसीने पुसून टाकले, त्यातल्या अनेकांचा फक्त आवाज उरला आहे, आणि तिथून सुरुवात करणारा नवखा दुसऱ्या डॉक्टरपर्यंत टिकेल असं मला वाटत नाही. २०२४च्या मालिकेवर ‘पहिला सीझन’ असं लिहिलेलं दिसेल, त्याला भुलू नका. मोजणी नवी आहे, गोष्ट जुनीच पुढे चालली आहे.

आधी २०१०वाल्यांचं म्हणणं, कारण त्यात तथ्य आहे. ३ एप्रिल २०१०ला आलेला ‘द इलेव्हन्थ अवर’ नव्या माणसाला आत घेण्यासाठीच लिहिलाय असं वाटतं. मालिकेची सूत्रं स्टीव्हन मॉफट यांच्याकडे नव्याने आलेली, डॉक्टर नवा, सोबतीण नवी, टार्डिस, म्हणजे निळ्या पेटीसारखं दिसणारं त्याचं कालयान, तीसुद्धा आतून नवीकोरी. रात्री बागेत येऊन आदळलेली निळी पेटी, भिंतीतल्या भेगेला घाबरणारी एकटी मुलगी आणि कस्टर्डमध्ये फिश फिंगर बुडवून खाणारा विचित्र पाहुणा. पाच मिनिटांत येतो म्हणून तो जातो आणि ती पोरगी बॅग भरून बागेत त्याची वाट बघत बसते. माझ्या बहिणीने हा भाग बघितला आणि झोपायचं सोडून लगेच पुढचे लावले. चित्रण देखणं आहे, कथानकाचे धागे वर्षभर एकमेकांत अडकत जातात आणि लक्ष देणाऱ्याला त्याचं फळ मिळतं. त्याच वर्षी व्हॅन गॉगवरचा भाग आहे. विज्ञानकथेचं नाव काढलं की उठून जाणारी माझी आई तो शेवटपर्यंत बघत बसली होती. या नव्या डॉक्टरसाठी मॅट स्मिथचं नाव जाहीर झालं तेव्हा तो २६ वर्षांचा होता, तोवरच्या सगळ्या डॉक्टरांत लहान. हा पोरगा काय करणार म्हणून तेव्हा बऱ्याच चाहत्यांनी नाकं मुरडली होती. आज त्यांच्यातलेच काही जण त्याच्यापासून सुरुवात करायला सांगतात.

२००५ची बाजू घेताना मला जरा सांभाळून बोलावं लागतं. १९८९मध्ये बंद पडलेली मालिका, मधला १९९६चा एक टीव्हीपट सोडला तर, सोळा वर्षांनी रसेल टी. डेव्हिस यांनी परत आणली आणि ते पहिलं वर्ष अडखळत चालतं. पहिल्या भागात दुकानातले प्लास्टिकचे पुतळे जिवंत होतात, इथवर उत्तम. (दुसऱ्या दिवशी बर्डीवर कापडाच्या दुकानांसमोरून जाताना भाचा माझा हात सोडेना.) पण मग एक कचऱ्याचा डबा माणूस गिळतो आणि वर ढेकर देतो. चौथ्या-पाचव्या भागात ब्रिटिश पंतप्रधानांच्या घरात घुसलेले परग्रहवासी सारखे पादतात. भाच्याला हे फार आवडलं. मोठ्या माणसाला जड जातं, आणि माझ्या ओळखीतल्या एकदोघांनी मालिका नेमकी इथेच सोडली.

पण त्या वर्षात डॉक्टर म्हणून ख्रिस्तोफर एकल्स्टन आहे. काळं चामड्याचं जाकीट, बारीक कापलेले केस आणि हसता हसता एकदम विझणारा चेहरा. त्याच्या लोकांच्या एका महायुद्धातून हा एकटाच वाचलाय आणि त्या युद्धाचा शेवट आपल्या हातून झाला हे त्याला विसरता येत नाही. सहाव्या भागात, ‘डॅलेक’मध्ये, जमिनीखालच्या एका खासगी संग्रहालयात साखळदंडांनी जखडलेल्या जुन्या शत्रूसमोर तो येतो. आधी तो घाबरून दार बडवतो. शत्रूचं शस्त्र चालत नाही हे कळल्यावर त्याच्या तोंडून जो द्वेष बाहेर पडतो, तो ऐकून मी टीव्हीचा आवाज कमी केला होता. शेजारच्या खोलीत आई झोपली होती. असा डॉक्टर पुढे पुन्हा आला नाही, आणि हा फक्त १३ भागांपुरता आहे.

एवढ्यावर तराजू साधारण समान राहिला असता. माझ्यासाठी तो झुकला बहिणीच्या एका प्रश्नाने: ‘हा कोण?’

२०१०पासून सुरुवात केली की हा प्रश्न तुमची पाठ सोडत नाही, आणि तो नेमका मोक्याच्या वेळी येतो. त्या वर्षीच्या चौथ्याच भागात रिव्हर साँग नावाची बाई जुनी ओळख असल्यासारखी टार्डिसमध्ये येते. तिची आणि डॉक्टरची पहिली गाठ २००८च्या दोन भागांत पडलेली आहे. तिच्याकडे बघताना डॉक्टर एकदम का आखडतो, हे ते दोन भाग बघितलेल्यालाच कळतं. बहिणीने विचारलं, ‘ही कोण? आपण बघितली का हिला आधी?’ मी सांगायला गेलो तर म्हणाली, ‘दादा, काहून सांगतो आधीच? कळेल न पुढे.’ कळलं, पण मागची बाजू कळायची राहूनच गेली.

मग २३ नोव्हेंबर २०१३चा, मालिकेच्या पन्नाशीचा भाग. हा ९४ देशांत एकाच वेळी दाखवला गेला होता. एकल्स्टननंतरचा डॉक्टर, डेव्हिड टेनंट, परत येतो आणि मी खुर्चीतून उठलो. बहीण म्हणाली, ‘हा तुझ्या फोटोतला न?’ तिचं चुकलं नव्हतं. तिने त्याला खरोखरच फक्त माझ्या मोबाइलच्या वॉलपेपरवर बघितलं होतं. त्या भागाचा सगळा भार एकल्स्टनच्या त्या अपराधीपणावर आहे, आणि ते अपराधीपण तिने एक दिवसही त्याच्यासोबत वाहिलं नव्हतं. त्यामुळे त्याचं पुढे जे होतं ते तिला छान वाटलं, एवढंच.

सगळ्यात जास्त टोचलं ते २०२५मध्ये. ३१ मेच्या भागात तेव्हाचा डॉक्टर शूटी गटवा निरोप घेतो आणि अगदी अखेरच्या क्षणी एक चेहरा दिसतो. कोणाचा ते लिहीत नाही, पण २००५च्या पहिल्याच भागात तो तुम्हाला भेटतो. मी ओरडलो. बहीण माझ्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, ‘थांबव जरा, कोण आहे ते सांग.’ मी थांबवलं, वीस वर्षांमागची गोष्ट होईल तेवढी सांगितली आणि पुन्हा चालू केलं, तर उरलेले सेकंद सरून नावं यायला लागली. तिला माहिती मिळाली, पण ओरडायचं राहून गेलं. भाच्यासाठी २००५ लावायचं माझं त्याच रात्री ठरलं.

बहिणीची बाजूही मांडायला हवी. २०१३च्या नाताळात मॅट स्मिथ गेला तो भाग बघताना ती जेवढी रडली, तेवढा मी टेनंटसाठीही रडलो नव्हतो. तिचा डॉक्टर तोच आणि तिला त्यात काही उणं वाटत नाही. रविवारी सकाळी तर्री-पोहे खाताना आमच्या मित्रांत यावरून अजून जुंपते. २००५पासून बघणाऱ्यांपैकी काहींना वाटतं की पन्नाशीच्या भागाने डॉक्टरच्या डोक्यावरचं ओझं फार सहज उतरवलं. २०१०वाले म्हणतात, किती छळायचं त्या बिचाऱ्याला? मला दोन्ही पटतं. पण या भांडणात मनापासून उतरायचं असेल तर ते ओझं आधी बघितलेलं असावं, असं आपलं मला वाटतं.

तुमच्या हाताशी वेळ खरोखरच कमी असेल, किंवा घरातल्यांना स्वस्तातल्या दृश्यांचं वावडं असेल, तर २०१० घ्या. कमीपणा काहीच नाही. ‘ब्लिंक’ हा २००७चा एकच भाग दाखवून कुणाला गोडी लावायचा प्रकारही चालतो, मी तो टाळतो. त्यात डॉक्टर जेमतेम दिसतो आणि इतका घट्ट विणलेला भाग आधी बघितला की पुढचे पंधरा-वीस भाग उगाच फिके वाटतात.

वेळेचा हिशोब म्हणाल तर २००५पासून मॅट स्मिथपर्यंत पोचायला, विशेष भाग धरून, ६० भाग आहेत. बहुतेक पाऊण तासाचे. विदर्भात शाळा उशिरा उघडतात आणि मे महिन्यात दुपारी बाहेर पाऊल टाकायची सोय नसते, त्यामुळे रोज दोन भाग सहज होतात. सबटायटल्स मात्र चालू ठेवा. एकल्स्टनचे उत्तर इंग्लंडचे उच्चार आणि त्यात आपला कूलर, निम्मे संवाद हवेतच जातात.

माझा सल्ला एवढाच की पहिले सहा भाग बघा. पादणारे परग्रहवासी मुलांच्या भरवशावर पार पाडा आणि ‘डॅलेक’ रात्री, शांतपणे लावा. त्यानंतरही एकल्स्टन भिडला नाही, तर बिनदिक्कत २०१०वर उडी मारा. भाच्याने मारली नाही. तो टेनंटच्या दुसऱ्या वर्षात आहे आणि रोज रात्री जेवण झालं की ताईच्या फोनवरून मला विचारतो की रोझ, डॉक्टरची आधीची सोबतीण, परत येणार का. मी सांगत नाही.