एक अख्खा हिवाळा त्याच बुटांत: स्नोबोर्डचे बूट आणि बाइंडिंग

कॅनडात, कॅलगरीला आल्यावर तिसऱ्या हिवाळ्यात मी स्नोबोर्ड शिकायला लागले, वयाच्या 36व्या वर्षी. पहिला हंगाम ओळखीतल्या एकीचे वापरलेले बूट घालून काढला. माझ्या रोजच्या बुटांचाच नंबर होता, 8. घरात घालून पाहिले तेव्हा छान ऐसपैस वाटले. डोंगरावर मात्र दर वळणाला टाच आतल्या आत उचलली जायची. बोर्ड वळवायला जोर लावावा, तर आधी पायच बुटात फिरायचा आणि बोर्ड मागून यायचा. मग मी घोट्यावरची पट्टी आवळत जायची. दुपारपर्यंत पंजा बधिर, तळव्यात गोळे. आपल्याला हे जमणारं नाही असं वाटून दोनदा गाडीत बसून रडले आहे. दोष बुटाच्या मापाचा होता, हे कळायला वर्ष गेलं.

गेल्या नोव्हेंबरात बूट आणि बाइंडिंग (बूट बोर्डाला जखडून ठेवणारा पट्ट्यांचा सांगाडा), दोन्ही नवं घेतलं. एप्रिलअखेर 26 दिवस वापरून झालं: मधल्या वारी संध्याकाळी शहरातल्याच विनस्पोर्टच्या टेकडीवर, शनिवार-रविवारी डोंगरातल्या नाकिस्का नाहीतर सनशाइन या स्की रिसॉर्टला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझा पाय पंजाला रुंद आणि टाचेला निमुळता आहे. त्याला बसलेला बूट तुम्हाला बसेलच असं नाही.

बुटाचं माप ‘मोंडो’त घ्या, म्हणजे पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये. भिंतीला टाच टेकवून, पायावर पूर्ण भार देऊन उभं राहायचं आणि सर्वांत लांब बोटापर्यंत मोजायचं. माझं आलं 24, म्हणजे बायकांच्या अमेरिकन मापात 7. एक अख्खा नंबर कमी! दुकानात पाय घातला आणि बोटं पुढे टेकली. मी काढायलाच निघाले होते, तेवढ्यात तिथला मुलगा म्हणाला, “आता गुडघे वाकवा.” वाकवले, टाच मागे सरकली आणि बोटं मोकळी झाली. स्नोबोर्डवर आपण उभे असतो ते गुडघे वाकवूनच. सरळ उभं असताना बोटांचा नुसता स्पर्श व्हावा, ती मुडपू नयेत. मग चवड्यांवर उभं राहून पाहायचं: बुटाच्या आत टाच उठली की तो बूट परत. मी प्रत्येक जोड वीस मिनिटं घालून दुकानात फिरले. पहिल्या पाच मिनिटांत सगळेच बूट चांगले वाटतात.

लायनर, म्हणजे बुटातला मऊ आतला बूट, वापराने दबतो, म्हणून नव्या बुटाचा घट्टपणा हवाच. माझा गरम करून पायाच्या आकाराला बसवून घेतला, तरी पहिले चार दिवस नडग्या दुखल्या. सहाव्या दिवसापासून बूट पायात आहे हे विसरायला झालं. बायकांच्या बुटाची पोटरीकडची बाजू आखूड असते, त्याचाही फरक पडला. आधीच्या बुटाची ही बाजू उंच होती आणि पोटरीत रुतायची. कडकपणा मधला घेतला. फार मऊ बूट वेगात घोट्याला आधार देत नाही, फार कडक बूट शिकणाऱ्याची चूक माफ करत नाही. बांधायला नाडीऐवजी दोन चकत्यांची बोआ आहे, चकती फिरवली की तार आवळली जाते; एक घोट्याची आणि एक पंजाची. उणे वीसमध्ये हातमोजे न काढता घट्ट-सैल करता येतं, यासाठी मी जास्तीचे पैसे आनंदाने दिले.

मोजा एकच, पातळ मेरिनो लोकरीचा. आईने साताऱ्याहून स्वतः विणलेले जाड मोजे पाठवले होते. ते बुटात घातले तर रक्त अडून पाय उलट गार पडतो. ते मी गाडीत ठेवते आणि उतरल्या उतरल्या घालते. दिवसातलं सगळ्यात मोठं सुख ते.

आता बाइंडिंग. आधी बूट, मग त्याला बसणारं बाइंडिंग. दुकानात बूट बरोबर नेऊन बसवूनच पाहा. बूट मधोमध बसावा, बोटांकडे आणि टाचेकडे बोर्डाबाहेर साधारण सारखाच डोकावावा, सेंटिमीटरभर किंवा थोडा जास्त. खूप बाहेर आला की तिरक्या वळणात बर्फाला घासतो आणि आपण आडवे. पुढची पट्टी बुटाच्या टोकावर टोपीसारखी बसवली की टाच मागे खेचली जाते. माझा निम्मा त्रास तिथेच संपला. पावलांचे कोन आधी कुणीतरी लावून दिलेले होते, गुडघा आतून दुखायचा. आता पुढचा +15 अंश, मागचा -9 (म्हणजे पुढचं पाऊल पुढे वळलेलं, मागचं थोडं मागे), आणि दुखणं थांबलं. तुमचे वेगळे येतील. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन अर्धा दिवस टेकडीच्या पायथ्याशी काढा.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. स्कीचं बाइंडिंग पडल्यावर सुटतं, स्नोबोर्डचं सुटत नाही. दोन्ही पाय बोर्डाला जखडलेलेच राहतात. ताज्या खोल बर्फात झाडाच्या बुंध्याभोवतीच्या खड्ड्यात माणूस डोक्यावर पडला, तर स्वतःहून निघणं जवळजवळ अशक्य असतं. झाडांत मी एकटी जात नाही, जोडीदार नजरेसमोर हवा आणि शिट्टी गळ्याशी. दुसरं, जोरात आदळल्यावर घोट्याच्या बाहेरच्या बाजूला दुखत राहिलं तर नुसती मुरगळ समजू नका. तिथल्या टॅलस हाडाचा एक कोपरा स्नोबोर्डवाल्यांचा मोडतो आणि साध्या एक्स-रेत तो निसटू शकतो. डॉक्टरांना आपण कसे पडलो ते नीट सांगा, सीटी स्कॅनबद्दल विचारा. चांगला बूट यातून पूर्ण वाचवत नाही. मनगटाचे गार्डही घालाच, नवशिके पडतात ते हातांवर.

तक्रारी दोनच. तिसऱ्या दिवशी लिफ्टमधून उतरताना पुढचं बाइंडिंग हललं: चारपैकी दोन स्क्रू सैल. आता दर वेळी निघण्याआधी आठही स्क्रू हाताने तपासते, एक जास्तीचा खिशात असतो. आणि रॅचेटच्या, म्हणजे पट्टी आवळणाऱ्या खटक्याच्या, दात्यांत बर्फ गोठला की पट्टी सरकत नाही. ठोकून साफ करावी लागते, चिनूकने, म्हणजे इकडच्या गरम वाऱ्याने, बर्फ ओला झाल्यावर तर दर फेरीला.

घरी आल्यावर लायनर काढून खोलीच्या हवेत वाळवते. हीटरवर ठेवू नका, डिंक सुटतो. 26 दिवसांनी माझा लायनर टाचेपाशी दबलाय, घोट्याच्या दोन्ही बाजूंना फोमच्या पट्ट्या चिकटवल्यावर टाच पुन्हा जागेवर आली. तळ शाबूत, बोआची तार शाबूत, पट्ट्यांच्या कडा थोड्या खरवडलेल्या. पुढचा हंगाम याच जोडावर.